गावभर मितान

टेम्पो गल्लीत शिरला की आमचे घरमालक भरल्या ताटावरून उठायचे. हात धुवायलाही थांबायचे नाहीत. उष्टा उजवा हात हवेत धरून, डाव्या हाताने लुंगी सावरत ते फाटकाशी येऊन उभे राहायचे, आणि नव्या बिऱ्हाडाची पहिली वस्तू खाली उतरेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नसायचा. मासे कापायची उंच पात्याची विळी उतरली की म्हणायचे, बंगाली. ओलं वाटायचा ग्राइंडर उतरला की तेलगू नाहीतर तामिळ, थांबा, दुसरी वस्तू येऊ द्या. रजयांनी ठासून भरलेली पत्र्याची पेटी दोघांनी मिळून उतरवली की पंजाबी. आणि हे मनातल्या मनात नाही हो! त्या बिऱ्हाडाच्या तोंडासमोर, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा झोपाळा उतरला म्हणून त्यांनी गुजराती आले असं जाहीर करून टाकलं, आणि ती माणसं निघाली दुर्गची, पक्की छत्तीसगढी. झोपाळा सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतला होता. पुढे दोन दिवस घरमालक त्या घराकडे तोंड करून उभे राहायलाही तयार नव्हते.

मी त्यांना काका म्हणायची. बाकी सगळं गाव त्यांना मितान म्हणायचं. ते का, हे सांगायचंच आहे, कारण त्या एका शब्दापायी त्यांच्या लेकीचं लग्न असं काही अडकलं की मी जन्मात तसं पाहिलेलं नाही. पण आधी माणूस तर कळू द्या.

काका रायपूरजवळच्या उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. मी राहायला गेले तेव्हा रिटायर झालेले, पण मिलमधले पोलादी टोपीचे काळे बूट काही पायातून सुटले नव्हते. लुंगी आणि खाली ते बूट! मिलच्या धडधडाटात बोलून बोलून आवाज इतका चढलेला की घरात मीठ मागितलं तरी समोरच्या घरातली म्हातारी दाई, दाई म्हणजे तिकडे आई, "काय झालं" म्हणून बाहेर यायची. मिलमध्ये म्हणे जेवणाच्या सुट्टीत हे डबे बघत फिरायचे. खायला नाही, बघायला. कोणाच्या डब्यात सातू, कोणाच्या डब्यात पाण्यात भिजवलेला पखाळ भात, कोणाची भाजी मोहरीच्या तेलातली. शिफ्ट बदलून ट्रकांच्या धुळीतून सायकलवर घरी यायचे ते नुसते फुललेले, आणि बायकोला सांगायचे की आज एक नवा आला, पार मणिपूरचा आहे.

त्यांचा एक प्रश्न सगळ्या रायपुरात गाजलेला होता. कोणी म्हणालं मी नागपूरचा, की हे विचारायचे, "अन् त्याच्या आधी?" आजोबा वर्ध्याचे होते. "अन् त्याच्या आधी?" माणूस थकून हात टेकेपर्यंत सोडायचे नाहीत. मीटर बघायला येणाऱ्याला विचारलं, चालान फाडणाऱ्या पोलिसाला विचारलं आणि तो चालान विसरून पणजोबांची गोष्ट सांगत उभा राहिला, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. स्वतःचं मात्र अभिमानाने सांगायचे. नागपूरच्या भोसल्यांच्या फौजेबरोबर त्यांचा कोणी पूर्वज इकडे आला. "आले ते परत जायचंच विसरले," एवढं म्हणून हसायचे. त्यांचं ठाम मत होतं की या गावात जो तो कुठून तरी आलेलाच आहे, कोणी काल आला, कोणी दोनशे वर्षांपूर्वी आला, तेव्हा कोणी कोणाला बाहेरचा म्हणायचं कामच नाही.

आणि या मताचा पहिला फटका कोणाला बसावा? मला! मी यवतमाळची. शंकर नगरातल्या एका ऑफिसात बदली होऊन आले, आणि मराठी घरमालक आहे असं ऐकून मोठ्या आशेने त्यांच्या दारात गेले. मराठी आहे म्हणताच त्यांचा चेहरा पडला. खोली नाही मिळणार म्हणाले. मला वाटलं एकटी बाई म्हणून नाही म्हणतायत, आणि माझं डोकंच सटकलं. काहून नाही मिळणार, म्हणून मी तिथेच पायरीवर बसले. तेव्हा त्यांनी शांतपणे समजावलं की आमच्या पाऱ्यात मराठी आहे ना, मी आहे, आणखी एक घेऊन काय करू? पारा म्हणजे तिकडची गल्ली, मोहल्ला. त्यात सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत, एकाच तऱ्हेची दोन बिऱ्हाडं म्हणजे जागा फुकट घालवणं, असा त्यांचा हिशेब. मी बॅग उचलणार तेवढ्यात त्यांनी सवयीने विचारलंच, अन् त्याच्या आधी? मी वैतागून सांगितलं की आईची आई आदिलाबादकडची होती, घरात तेलगू बोलायची. बस्स! माणूस उडालाच. म्हणजे तुझ्यात दोन आहेत, असं ओरडत त्यांनी किल्ली आणली, आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या पाऱ्यात बातमी की मितानकडे अर्धी तेलगू बाई आली. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यावरचे रिटायर्ड रेल्वे गार्ड माझ्याशी तेलगूत बोलायला लागले. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी मान हलवायची आणि ते खूश होऊन घरचं आवकायीचं लोणचं पाठवायचे, मग मी तरी कशाला खुलासा करू?

त्यांना एकच खंत होती. पाऱ्यात मल्याळी नव्हता. एकदा त्यांना डेंग्यू झाला आणि दवाखान्यात त्यांची नर्स निघाली कोट्टयमची. सलाईन लागलेलं, अंगात ताप, आणि हे तिला आमच्या गल्लीतली मोकळी खोली किती हवेशीर आहे ते सांगत होते. बरे झाल्यावर तिला खोली दाखवायला घेऊनही आले. नळाला दिवसाआड पाणी म्हटल्यावर ती हसून निघून गेली. काका म्हणाले, जाऊ दे, कमीत कमी चौकापर्यंत तर आली.

आता मितानचं सांगते. छत्तीसगढात दोन माणसं, वेगळ्या जातीची, वेगळ्या गावची, ठरवून एकमेकांचे मितान होतात. देवासमोर हातात हात देऊन, एकमेकांना प्रसाद भरवून. कोणी गंगाजळ देऊन होतं, कोणी तुळशीचं पान देऊन. एकदा झालं की ते नातं रक्ताच्या वरचं. सणाला एकमेकांच्या घरी पहिलं ताट जायचं, मरणाला सुतक पाळायचं. आणि दोन गोष्टी अगदी कडक. एक म्हणजे मितानचं नाव आयुष्यात तोंडाने घ्यायचं नाही. ज्या वस्तूने नातं बांधलं, त्याच नावाने हाक मारायची. आणि दुसरी म्हणजे मितानची मुलं ती आपल्या मुलांची सख्खी भावंडं.

साधारण माणूस आयुष्यात एक मितान करतो. काकांना एकाने काय होतंय! बंगाली टेलरमास्तरांना त्यांनी गंगाजळ देऊन बांधलं, किराणावाल्या सिंधी शेठना तुळशीच्या पानाने, आमच्या रेल्वे गार्डांना रथयात्रेच्या प्रसादाच्या मुगाने. नवं बिऱ्हाड आलं आणि दोन वर्षं टिकलं, की काका प्रसाद घेऊन निघालेच. म्हातारी दाई पाऱ्यातली सगळ्यात जुनी, मूळची तिथलीच. ती डोक्याला हात लावायची की मितान करतात का भाजी घेतात? पण तिलाही आतून बरं वाटायचं, कारण तिच्या लोकांची रीत एक मराठी माणूस इतक्या हौसेने पाळत होता.

पहिला मात्र एकच, आणि तोच खरा. ओडिशाच्या बरगढचे ते गृहस्थ, तरुणपणी सायकलवर संबलपुरी साड्यांचं गाठोडं बांधून आले आणि पुढे पंडरीच्या कापड बाजारात त्यांचं दुकान झालं. दोघे लग्नाआधी पुरीला गेले होते, तिथे देवळाच्या आवारात जगन्नाथाचा भात एकमेकांना भरवला. तेव्हापासून दोघंही एकमेकांना महाप्रसाद म्हणायचे. घरात सगळेच त्यांना महाप्रसादकाका म्हणायचे, मीही. काका जितके आरडाओरडा करणारे, तितके ते मवाळ; पानाचा डबा घेऊन बसायचे आणि काकांच्या दहा वाक्यांना एकदा "हव", म्हणजे हो, म्हणायचे. चार घरं पलीकडे राहायचे. बायको शेतीपायी गावीच. दर रविवारी दोघं एका ताटात जेवायचे. एकदा आमच्याकडे, एकदा त्यांच्याकडे, पण ताट एकच.

काकांची लेक मृणाल. आई गेलेली. शंकर नगरात फिजिओथेरपिस्ट होती, आम्ही दोघी तिच्याच स्कूटीवर जायचो. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. काकांनी मराठीत रागवायचं आणि तिने हिंदीत हसायचं, असं ते घर चालायचं. राखीच्या दिवशी तिची फजिती बघण्यासारखी असायची. सगळ्या मितानांची पोरं, म्हणजे तिचे भाऊ, आमच्या अंगणात पाटांवर ओळीने येऊन बसायचे. टेलरमास्तरांचे दोघे, शेठचा एक, गार्डांचा एक, आणि ही बिचारी ताट घेऊन एका टोकापासून सुरुवात करायची.

त्या वर्षी ओळीत एक पाट वाढला होता. महाप्रसादकाकांचा मुलगा सौम्य. तो लहानपणापासून बरगढला आजोबांकडेच वाढला, शिकून उरल्याला नोकरी लागली तेव्हा कुठे बापाकडे राहायला आला होता. उंच, सावळा, लाजाळू. त्याच्या कोपराला काहीतरी दुखापत झाली आणि तो मृणालच्या क्लिनिकला जायला लागला. कोपर बरं होऊन जमाना झाला तरी जातच होता! हे मला ठाऊक होतं, कारण येताना स्कूटीवर माझी जागा गेली होती आणि मी ऑटोने येत होते.

तर मृणाल राख्या बांधत बांधत आली आणि सौम्यपाशी येऊन थांबली. ताटात राखी नाही. संपली म्हणाली. ही, जिच्याकडे दरवर्षी अर्धा डझन राख्या उरतात! काका भडकले. महाप्रसादच्या पोराला राखी नाही म्हणजे काय? त्यांनी मला पिटाळलं की पळत जा आणि कोपऱ्यावरून घेऊन ये. मी मृणालकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या पोरीचे डोळे असे काही झाले होते की मी समजायचं ते समजले. मी गेले हो कोपऱ्यावर, पण अशी गेले की वाटेत दाईशी बोलले, गार्डांशी तेलगूत मान हलवली, आणि परत आले तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. आजही मला त्याचं कौतुक वाटतं, माझंच.

दिवाळी झाल्यावर मृणालने बापाला सांगून टाकलं. दुपारची वेळ, मी सुट्टी म्हणून वर कपडे वाळत घालत होते, आणि खालून काकांची आरोळी. "ऐकलं का वो पोरी! आपल्या घरी उडिया जावई येऊन राहिला!" मी धावत खाली आले. काका अंगणात गरगर फिरत होते. महाप्रसादचा पोट्टा, महाप्रसादचा पोट्टा, असं म्हणत टाळ्या वाजवत होते. बूट धाडधाड वाजत होते. मग नातवंडांवर आले. आईकडून भोसल्यांच्या वेळचं मराठी, काकूची आई जबलपूरकडची बुंदेली, बापाकडून बरगढ, आणि सौम्यची आजी म्हणे आंध्राच्या सीमेवरची. त्या पोराला कोणी त्याच्या आधीचं विचारलं तर त्याचं सांगणं संध्याकाळपर्यंत संपणार नाही! ते इतके हरखले होते की मीही त्यांच्याबरोबर टाळ्या पिटायला लागले, आणि मृणाल दारात उभी राहून रडत-हसत होती.

आणि एकदम काका थांबले. मग पायरीवर बसले आणि हळू आवाजात, त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला, म्हणाले, "पण तो तर तुह्या भाऊ होते."

मृणाल म्हणाली, "बाबा, आपने पूरे गाँव में मेरे भाई ही भाई बना दिये. अब मैं दूल्हा कहाँ से लाऊँ?"

मला हसू आलं, पण काका हसत नव्हते. ते खरंच घाबरले होते. साऱ्या जातीपाती एक करायला निघालेल्या माणसाने सगळ्या घरांना अशा गाठी मारून ठेवल्या होत्या की आता त्याच्याच लेकीला त्यातल्या कुठल्याच घरात जाता येईना.

मी म्हणाले, काका, आपल्यात कुठे असतं हे? मितान-बितान आपल्यात नाहीच, सोडून द्या. तर ते माझ्यावर असे उखडले! "आपल्यात म्हंजे कोनात? माही बायको गेली, तं माहे सख्खे भाऊ नागपूरहून तेरवीले आले. महाप्रसादनं पहिल्याच दिवशी डोकं भादरलं. तेरा दिवस मिठाचं खाल्लं नाही. तवा तो आपल्यात होता का नव्हता, सांग मले." मी खाली मान घालून वर गेले.

पुढचे दोन महिने त्या घरात जे चाललं त्याने मला वेड लागायची पाळी आली. महाप्रसादकाकांना सौम्यने सांगितलं होतं, आणि त्यांनी मुलाला एका शब्दात नाही म्हटलं होतं. ते तर काकांपेक्षा कडक. जगन्नाथाचा भात तोंडात घेऊन बांधलेलं नातं, त्याच्या वर मुलाचं सुख नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि गावी मामाला निरोपही गेला की मुलगी बघ. मामाने बघितलीही. पौष पौर्णिमा उलटली की तो येणार आणि सौम्यला साखरपुड्याला घेऊन जाणार. इकडे आग लागलेली, आणि हे दोघे म्हातारे रविवारी एका ताटात जेवतायत, फुलकोबी यंदा कशी महाग आहे यावर बोलतायत! एकानेही विषय काढला नाही. मला वाटायचं दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

काकांनी खटपट केली नाही असं मात्र नाही. आधी ते दाईकडे गेले. मितानी सोडायचा काही विधी असेलच, नारळ फोडायचा, पूजा घालायची, तुम्ही सांगाल ते करतो. "मितानी नइ टूटय, बेटा," दाई एवढंच म्हणाली. बांधायचा विधी आहे, सोडायचा नाही. कोणाला कधी लागलाच नाही तर असणार कुठून?

मग त्यांना भलतीच कल्पना सुचली. मृणालचं कन्यादान त्यांनी करायचंच नाही. मी करायचं! मी तर कोणाची मितान नव्हते. मी अर्धी तेलगू, तेव्हा तेलगू घरातली मुलगी म्हणून ती सौम्यच्या घरी जाईल आणि काकांशी तिचा काही संबंध नाही, असं दोन दिवसांपुरतं मानायचं. ते इतक्या उत्साहाने सांगत होते की मी हो म्हणूनही बसले, साडी कोणती नेसायची तेही माझ्या मनात आलं. मृणाल स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने ते सगळं ऐकलं होतं. ती बापासमोर उभी राहिली आणि चक्क मराठीत बोलली, "मी कोनाच्या घरची म्हनून नाही जानार, बाबा. तुमची म्हनून जाईन, नाही तं जानार नाही."

काका उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून टेम्पो आला तरी ते जेवणावरून उठेनासे झाले. गल्लीत एक खरं केरळी कुटुंब राहायला आलं, ओळीने नारळ उतरत होते, आणि काका आत भात कालवत बसले होते. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

पौष पौर्णिमेला तिकडे छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, आणि त्या दिवशी लहानथोर कोणीही कोणाच्याही दारात जाऊन छेरछेरा म्हणून ओरडायचं, धान मागायचं. मागण्यात लाज नाही, आणि दारात आलेल्याला रिकामं पाठवायचं नाही. शहरात लोक तांदूळ देतात, पैसे देतात, पोरांना चॉकलेटं देतात. आमच्या पाऱ्याची टोळी दरवर्षी काका काढायचे. टेलरमास्तर, शेठ, गार्ड, त्यांची सुना-नातवंडं, ढोलकी, आणि सगळ्यात पुढे लुंगी-बूट घालून काका. त्या वर्षी ते निघणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. पण सकाळी उन्हं वर आली आणि काका खांद्यावर पिशवी टाकून तयार! मला म्हणाले, चाल. मृणालला बोलावलं नाही.

आम्ही घरोघर गेलो. नव्या केरळी घरातल्या बाईला काही कळेना, तिला वाटलं वर्गणी आहे. काकांनी तिला समजावलं, तिने वाटीभर तांदूळ घातले, ढोलकी वाजली, सगळे हसले. काकांचा जुना आवाज परत आला होता. मला वाटलं सावरला माणूस, देवा, सावरला.

महाप्रसादकाकांचं दार आलं. पोरांनी छेरछेरा म्हणून गल्ली दणाणून सोडली. ते सुपात धान घेऊन बाहेर आले. त्यांच्या घरी खरं धान असायचं, बरगढच्या शेतातलं. मागे दारात सौम्य उभा. महाप्रसादकाका सूप घेऊन पुढे झाले, पण काकांनी पिशवीचं तोंड उघडलं नाही. ढोलकीवाल्याला हाताने थांबवलं.

मग ते म्हणाले, "दाशरथी."

मला महाप्रसादकाकांचं ते नाव दुकानाच्या पिशवीवरून माहीत होतं, पण काकांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. उभ्या आयुष्यात कोणीच ऐकलं नव्हतं. दाईने पदर तोंडाला लावला. महाप्रसादकाकांच्या सुपातलं धान पायरीवर सांडलं.

काका पुन्हा म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "धान नइ चाही, दाशरथी. तोर बेटा ला दे."

विधी नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःच केला. जे करायचं नाही तेच भर गल्लीत केलं, आणि नातं तोडलं. आता ते मितान नव्हते. एका मुलीचा बाप दुसऱ्याच्या दारात मागायला उभा होता, आणि त्या दिवशी दारातल्या माणसाला रिकामं पाठवायचं नसतं.

महाप्रसादकाकांनी नावाला नावाने उत्तर दिलं तर त्यांच्याकडूनही तुटलं, आणि नाही दिलं तर भर गल्लीत काकांची शोभा. मग त्यांनी काकांचं नाव घेतलं. हळू, जपून. आणि म्हणाले, "ले जा." त्यांनी मागे वळून सौम्यचा हात धरला, त्याला पुढे आणलं, आणि आम्ही सगळे असे काही ओरडलो की चौकातली माणसं पळत आली! टेलरमास्तर नाचले, शेठ नाचले, गार्ड मला तेलगूत काहीतरी सांगत रडत होते आणि त्या एका दिवशी मला ते सगळं कळलं. मी तशीच धावत घरी गेले. मृणाल गॅससमोर उभी होती. मी तिला उचललंच.

लग्न माघात झालं, आमच्याच पाऱ्यात मांडव घालून. काय लग्न होतं ते! मंगलाष्टकं झाली, शंख वाजले, बंगाली बायकांनी उलूध्वनी केला, छत्तीसगढी बायकांनी व्याह्यांना शिव्यांची गाणी म्हटली, आणि केरळी कुटुंबाने केळ्याचे वेफर्स इतके तळले की रुखवतात ठेवायला जागा पुरेना. काका बुटांसकट सगळीकडे. प्रत्येक पाहुण्याला पकडून मूळ गाव विचारत होते, बरगढहून आलेल्या मामालाही सोडलं नाही. मामा आला होता रागात, आणि निघताना आपला पणजोबा मूळ तेलंगणातला हे सांगून बसला.

मग व्याहीभेट आली. दोघे व्याही समोरासमोर उभे राहिले. लोकांना वाटलं आता हे दोघे एकमेकांना मिठी मारणार. महाप्रसादकाकांनी, अजून मला दुसरं काही म्हणता येत नाही, काकांना वाकून नमस्कार केला आणि हिंदीत "समधीजी" म्हणाले. काकांनीही हात जोडले. हार घालून झाले. पंगतीला मुलीचा बाप म्हणून काकांनी सासरच्या माणसांना वाढायचं, त्यांच्यासोबत बसायचं नाही. त्यांनी वाढलं. महाप्रसादकाकांच्या पुढे भात वाढताना त्यांचा हात थांबला, आणि मग ते पुढच्या पानाकडे गेले.

पाठवणीच्या वेळी काका ढसाढसा रडले. टेलरमास्तर त्यांना समजावत होते की अहो चार घरं पलीकडे तर चालली, रोज दिसेल. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पाणी घेतलं नाही. माझा हात धरून म्हणाले, "तिच्यासाठी नाही रडून राहिलो वो पोरी. ती खुशीत आहे, मीबी खुशीत आहे. माह्या महाप्रसाद गेला."

मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ते दुसरे म्हातारे डोळे पुसत बसले होते. दोघंही एकमेकांकडे पाहत होते, आणि दोघांपैकी एकालाही उठून पलीकडे जाता येत नव्हतं.